क्लिपेखालची पानं

टिंग.

कागदाला लावायची एक लोखंडी क्लिप वाउटरच्या हातातल्या पवित्र शास्त्रातून निसटली आणि त्याच्याच कस्टर्डच्या रिकाम्या वाटीत पडली. आवाज एवढासाच. पण त्याआधी टेबलावर अशी शांतता होती की आम्ही चौघंही दचकलो.

फेम्मीनं वाटीत बोट घालून क्लिप काढली, चाटली आणि म्हणाली, "गोड आहे."

कोणी हसलं नाही. ती पाच वर्षांची आहे. आपला विनोद फसला असं समजून तिनं क्लिप निमूटपणे कुशीतल्या सशाच्या कानाला लावली.

शांतता होती ती लैस्बेतमुळे. लैस्बेत माझी थोरली, चौदा वर्षांची. आदल्या दिवशी, बुधवारी, ती चर्चच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातून अर्ध्या तासात घरी आली होती. "लवकर सुटला," एवढंच बोलून जिना चढून गेली. आज जेवणाच्या आधी सासऱ्यांचा फोन आला तेव्हा कळलं, वर्ग सुटला नव्हता. हिलाच बाहेर काढलं होतं. हिनं हात वर करून विचारलं होतं की आदाम आणि हव्वेच्या गोष्टीत 'बेकेनन' असा जो शब्द येतो त्याचा अर्थ काय, आणि ते केल्यावर मूल कसं होतं. मागच्या बाकावरची मुलं फिदीफिदी हसली. वर्ग घेणारे खैस्बर्ट, चर्चचा कारभार बघणाऱ्या वडीलजनांपैकी एक, यांनी पुस्तक मिटलं आणि दाराकडे बोट दाखवलं.

आता पुढच्या बुधवारी तिनं सगळ्या वर्गापुढे उभं राहून क्षमा मागायची, असं वडीलजनांनी ठरवलं होतं. माझे सासरे ट्यूनिस त्यांच्यातलेच एक. शनिवारी सकाळी ते आणि खैस्बर्ट आमच्या घरी येणार होते. तसाही वडीलजनांनी आमच्या घरी करायच्या वार्षिक भेटीचा महिना होता, म्हणजे एका कॉफीत दोन्ही कामं.

वाउटरनं घसा खाकरला. काल शास्त्रातल्या पहिल्या पुस्तकाचा तेहतिसावा अध्याय झाला होता. जेवणानंतर रोज एक अध्याय, ओळीनं, असं आमच्याकडे चालतं. फक्त क्लिपेनं बंद केलेली पानं आली की ओळ मोडते. तेहतीसवरून पस्तीस.

"बाबा, पडलीच आहे तर वाच ना," लैस्बेत म्हणाली.

"आजोबांनी लावलीय ती."

"आजोबांनी लावलीय. देवानं नाही."

वाउटरनं माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या वाटीकडे. त्यानं पस्तिसावा वाचला, नेहमीपेक्षा हळू, आणि मग आम्ही हात जोडून अन्नाबद्दल आभार मानले. मला आजही त्या बघण्याची लाज वाटते. वाटीत काहीच नव्हतं.

ते शास्त्र सासऱ्यांनी आम्हाला लग्नात दिलं होतं. काळं चामडं, पितळी कडी. दिलं तेव्हाच त्यात सात क्लिपा होत्या, त्यांच्या वडिलांच्या शास्त्रात जिथं होत्या अगदी तिथंच. पंधरा वर्षांत त्या गंजून पानांवर तपकिरी खुणा उमटल्या आहेत. पोरांपुढे काय वाचायचं नाही हे आमच्या घराण्यात असं क्लिपेनं सांगितलं जातं. तोंडानं काहीच सांगितलं जात नाही.

जेवणानंतर मी भांडी घासते, लैस्बेत पुसते. माझ्या माहेरीही असंच होतं. मी तेराची असताना हाच शब्द, असाच पुसता पुसता, आईला विचारला होता. आईनं मान वळवली नाही. नळ आणखी मोठा सोडला. पाणी असं धो धो पडायला लागलं की पुढं मी काही विचारलं असतं तरी तिला ऐकू गेलं नसतं. आई वाईट नव्हती. तिच्या आईनं बहुधा हातपंपाचा दांडा जोरात हलवला असेल.

मग माझा मीच अर्थ लावला. आमच्या रोजच्या डच बोलण्यात बेकेनन म्हणजे कबूल करणं. चोर पोलिसांपुढे करतो ते. शास्त्राच्या जुन्या भाषांतरात मात्र चारशे वर्षांपूर्वीचा अर्थ तसाच बसून राहिला आहे: ओळखणं, पुरतं जाणणं, नवरा-बायकोनं एकमेकांना देहामनानं जाणणं. हे मला कोणी सांगितलं नाही. म्हणून माझ्या समजुतीप्रमाणे आदामानं हव्वेपाशी काहीतरी कबूल केलं आणि त्यावर मूल झालं. काय कबूल केलं असेल यावर मी उपासनेत बसून पुष्कळ डोकं चालवलं. त्या फळाचंच असणार असं शेवटी ठरवलं. मुलग्यांशी बोलताना मी फार सावध असायची. कोणी मनातलं काही सांगू लागला की मी हवेचा विषय काढायची.

पुढं शाळेत जीवशास्त्र आलं, बेडूक आले. तरी ती समजूत कुठल्याशा कोपऱ्यात राहिलीच. एकोणिसाव्या वर्षी मला काहीच कळत नव्हतं असं नाही. पण जे कळत होतं ते चुकीच्या जागी ठेवलेलं होतं. वाउटर तर तेव्हा बोलायचाच नाही. आम्ही दोघांनी एकमेकांपाशी काहीएक कबूल केलं नाही, आणि लैस्बेत झाली.

मी नळ बंद केला.

"विचार," मी म्हटलं.

"काय?"

"काल वर्गात विचारलंस ते."

"नको आता. शाळेत झालंय आई सगळं. आकृती काढायची होती, मला दहापैकी नऊ पडले."

"मग वर्गात का विचारलंस?"

तिनं पुसलेलं ताट पुन्हा पुसलं. "कारण आकृतीत कोणी कोणाला ओळखत नाही."

मी ओल्या हातांनीच खुर्ची ओढली आणि बसले. ती उभीच राहिली, फडक्याला पीळ देत. सुरुवातीला माझे शब्द अडखळत होते. आमच्याकडे या गोष्टींना दोनच तऱ्हेचे शब्द आहेत, एक डॉक्टरांचे आणि एक बंदरावरचे, आणि आईच्या तोंडी दोन्ही बसत नाहीत. मी दोन्ही वापरले. तिचे कान लाल झाले, माझेही झाले असतील. मग हळूहळू तीच विचारायला लागली.

"दुखतं?"

"घाई केली तर. भीती असली तर."

"आणि नको असलं तर?"

"तर नको म्हणायचं. एकदा. दुसऱ्यांदा म्हणायची वेळ आली तर त्या माणसानं तुला ओळखलेलं नाही, मग तो कितीही गोड बोलो."

"आणि हे देवाला आवडतं?"

"त्यानंच केलंय. आवडलं नसतं तर आपलंही झाडांसारखं वाऱ्यावर भागवलं असतं."

"आई, शी."

"विचारलंस म्हणून सांगते."

ती शेवटी स्टुलावर टेकली. "तू लग्नापर्यंत थांबली नव्हतीस. मला माहितेय."

"कोणी सांगितलं?"

"लग्नाच्या फोटोनं. फुलं इतकी खाली कोण धरतं?"

पंधरा वर्षं तो फोटो दिवाणखान्यात आहे. मी रोज त्याच्यावरची धूळ पुसते.

"नाही थांबले," मी म्हटलं. "तू थांबावंस असं मला वाटतं."

"देव रागावेल म्हणून?"

"माणूस ओळखायला वेळ लागतो म्हणून. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, तिसऱ्या वर्षी सकाळी, तो तिथं असायला हवा म्हणून. तुझा बाबा होता. माझं नशीब ते, अक्कल नव्हे."

तिनं फडकं खुंटीला लावलं. जाता जाता म्हणाली, "बुधवारी मला उभं राहावं लागेल?"

"शनिवारी बघू," मी म्हटलं. आणि हे म्हणताना मला माझ्याच आईचा नळ ऐकू आला. म्हणून पुन्हा हाक मारली. "लैस्बेत. नाही. उभं राहायचं नाही."

शुक्रवारी सगळे गेल्यावर मी ते शास्त्र टेबलावर घेतलं. जी क्लिप पडली होती ती चौतिसाव्या अध्यायाची. माझं नाव दीना, आजीचं ठेवलेलं. त्या नावाची बाई शास्त्रात आहे, याकोबाची लेक, हे मला ऐकून माहीत होतं. मुली फार हिंडायला लागल्या की म्हातारी माणसं तिचं नाव काढायची: दीना गेली होती बाहेर, काय झालं ठाऊक आहे ना. काय झालं ते कोणी सांगायचं नाही. चौतीस वर्षांची झाले आणि माझ्याच नावाचा अध्याय मी पहिल्यांदा वाचला, कोट अंगात, कारण फेम्मीला शाळेतून आणायला वेळ थोडाच होता.

एक मुलगा तिच्यावर जबरदस्ती करतो. मग तो बोलतो, त्याचा बाप बोलतो, तिचा बाप बोलतो, भाऊ बोलतात, सगळं गाव बोलतं. सौदे होतात, तलवारी निघतात. तिच्या तोंडी एक शब्द नाही. मी दोनदा शोधला. नाही.

उरलेल्या सहाही क्लिपा मी काढल्या. गंजानं चिकटल्या होत्या. दोन पानांचे कोपरे फाटले. त्या बिस्किटांच्या डब्याच्या झाकणात टाकल्या आणि सायकल काढली.

शाळेच्या फाटकापाशी शेजारची मारी उभी होती. गावात गोष्ट पोचलीच होती. "तुझ्या लैस्बेतचं ऐकलं," ती म्हणाली, आणि मी पाठ ताठ केली. पण ती दोन पावलं जवळ आली आणि आवाज खाली आणला. "माझी पंधराची आहे. तिच्याशी बोलायचं म्हणून गेलं वर्षभर मी तिच्या खोलीच्या दारापर्यंत जाते आणि धुवायचे कपडे घेऊन परत येते. तू लैस्बेतशी बोललीस म्हणे. सुरुवात कुठून केलीस?"

"नळ बंद करण्यापासून."

"चेष्टा नको करू गं."

"चेष्टा नाही. आवाज बंद करायचा आणि बसायचं. पुढचं तीच विचारते. आणि तुला एखादं येत नसलं तर येत नाही म्हणायचं."

"आणि मध्येच ती उठून गेली तर?"

"तर बसून राहा. परत येतात."

"सोमवारी कॉफीला येऊ? माझी नणंदही येईल म्हणते. तिला तीन मुलगे आहेत, ती तर पार घाबरलीय."

या म्हटलं.

शनिवारी दहाला दारावरची घंटा वाजली. दोघंही काळ्या कोटात. खैस्बर्ट यांचं गावात सायकलींचं दुकान आहे. माणूस साधा, पंक्चरचे पैसे पोरांकडून घेत नाही. म्हणूनच त्यांच्याशी भांडणं अवघड. माझ्या सासऱ्यांनी खिशातून पेपरमिंट काढून फेम्मीला दिलं. तिनं ते गालात धरलं आणि टेबलाखाली आपल्या उद्योगाला बसली. झाकणातल्या क्लिपा तिला मी दिल्या होत्या. ती त्या एकात एक अडकवून माळ करत होती.

प्रार्थना झाली. कॉफी ओतली, प्रत्येकाला एक बिस्किट दिलं, डबा बंद केला. लैस्बेत आत स्वयंपाकघरात होती, दार अर्धवट उघडं.

"एका वाक्याचं काम आहे, दीना," खैस्बर्ट म्हणाले. "'मी अनुचित प्रश्न विचारला, मला क्षमा करा.' झालं. त्यात मुलीचं काही जात नाही."

"आणि उत्तर?"

"कसलं उत्तर?"

"प्रश्नाचं. ते कोण देणार?"

"ते आईबापांनी द्यायचं. योग्य वेळी."

"आईबापांनी नाही दिलं म्हणूनच ती तुमच्याकडे आली. चूक माझी. मी परवा सुधारली. आता तिची कुठली राहिली?"

"वर्गात मुलगे होते, बाई."

"मुलगे होते म्हणजे बरंच झालं. त्यांच्याशिवाय भागत नाही असं ऐकलंय."

वाउटर कॉफीत खोकला. सासऱ्यांची नजर बाजूच्या फळीवरच्या शास्त्राकडे गेली होती. क्लिपा निघाल्यावर ते थोडं बारीक दिसत होतं, दाढी केलेल्या माणसासारखं.

"क्लिपा कोणी काढल्या?" त्यांनी विचारलं.

"मी काढल्या, बाबा."

"माझ्या वडिलांनी लावल्या होत्या तिथंच मी लावल्या त्या. पोरांची मनं कोवळी असतात म्हणून."

"माहितेय. पण कोवळ्या मनानं मी काय काय समजून बसले होते ते तुम्हाला सांगितलं तर तुम्ही हसाल. किंवा हसणार नाही."

"आणि सोमवारी म्हणे बायका जमवणार आहेस," खैस्बर्ट म्हणाले. "दुसऱ्यांच्या मुलींनाही हेच शिकवायला."

"मुलींना नाही. त्यांच्या आयांना. मुलींना त्या शिकवतील. तुमची सूनही, मारीची नणंद, येणार आहे, तुम्हाला सांगितलं नसेल तिनं."

त्यांनी बिस्किट खाली ठेवलं.

"हे बघ, दीना," सासरे म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, उलट थकलेला होता. "मंडळीत राहायचं म्हणजे थोडं वाकावं लागतं. सगळे वाकतात. पोरगी एकदा उभी राहील, गोष्ट मिटेल. नाही राहिली तर ते तिच्या नावापुढे राहतं. पुढं तिला विश्वासाची कबुली द्यायची आहे, प्रभुभोजनाला बसायचं आहे. तेव्हा विचारतील."

"मग पुढच्या बुधवारी मी येतो वर्गात," वाउटर एकदम म्हणाला. सगळ्यांनी वळून पाहिलं, कारण तो असल्या बैठकीत बोलत नाही. "तोच प्रश्न मी विचारतो. अडतीस वर्षांचा आहे, मलाही अजून नीट माहीत नाही. मलाही काढा बाहेर."

"वाउटर," त्याचे वडील म्हणाले.

"दार मला माहितेय, बाबा. डावीकडून दुसरं."

मी टेबलाची कड धरली. "ती उभी राहणार नाही," मी म्हटलं. "तुमच्या वहीत काय लिहायचं ते लिहा. मी या मंडळीतून जाणार नाही, रविवारी दोन्ही उपासनांना त्याच बाकावर असेन, हॅट घालून. काढायचं असेल तर तुम्हीच काढा. पण माझ्या लेकीला उभं करू देणार नाही. एक वाक्य म्हणताय. त्या एका वाक्याला किती जागा लागते ते मला विचारा. मी म्हटलंय ते."

"ती गोष्ट वेगळी होती," सासरे म्हणाले. "ती मिटली. देवानं क्षमा केली, मंडळीनं केली."

"तुम्ही तिथं होतात, बाबा. वडीलजनांच्या बाकावर. माझ्याकडे नाही बघितलंत, बुटांकडे बघत होतात. मी पहिल्या रांगेत उभी, अंगात मावशीचा कोट, कारण माझा पुढून लागत नव्हता. वाउटर शेजारी, पांढराफटक. पाळकांनी सातव्या आज्ञेचं, व्यभिचार करू नको ते, वाचलं, आमची नावं वाचली, आणि विचारलं, याबद्दल मनापासून खेद आहे का. चारशे माणसं. कोणाच्या तोंडातलं पेपरमिंट वाजलं तरी ऐकू आलं असतं. मी हो म्हटलं. मोठ्यानं म्हणा, म्हणाले, मागं पोचलं नाही. म्हणून दोनदा म्हटलं. खाली बसले तेव्हा मागच्या बाकावरून सासूबाईंनी माझ्या मुठीत एक पेपरमिंट सरकवलं. त्या दिवशी मला मिळालेली तेवढी एकच क्षमा मला आठवते."

सासऱ्यांचा हात कोटाच्या खिशाकडे गेला आणि तिथंच राहिला. खैस्बर्ट कपाच्या तळाशी काहीतरी शोधत होते.

"तेव्हा," ते म्हणाले, आणि हॅट उचलली. "तेव्हा, मी पाळकांना सांगेन की मुलीच्या आईनं उत्तर दिलेलं आहे. वर्गाचं... वर्गाचं बघू." ते उठले, पण सासरे उठेनात, म्हणून तेही पुन्हा टेकले.

मी जिंकले असं मला क्षणभर वाटलं. आतून हलकं हलकं वाटत होतं, जणू तो मावशीचा कोट आत्ता उतरवला.

मग पाहिलं तर स्वयंपाकघराच्या दारात लैस्बेत उभी. हातात कॉफीची किटली. लग्नाचा फोटो तिला माहीत होता. हे माहीत नव्हतं. हे मी तिला नळ बंद करूनही सांगितलं नव्हतं.

टेबलाखालून फेम्मी बाहेर आली. सात क्लिपांची माळ तिच्या गळ्यात होती, पेपरमिंट एका गालातून दुसऱ्या गालात गेलेलं.

"आई, तू कशाबद्दल हो म्हटलंस?"

"एका गोष्टीबद्दल वाईट वाटतं का असं त्यांनी विचारलं होतं."

"कुठल्या?"

"लग्नाच्या आधीच," मी म्हटलं, "माझ्या पोटात बाळ होतं."

"कुठलं बाळ?"

ती माझ्याकडे बघत होती, मग बापाकडे, मग आजोबांकडे. आजोबा या वेळीही बुटांकडे बघत होते. मग तिनं दाराकडे पाहिलं, किटली घेऊन उभ्या असलेल्या बहिणीकडे, बराच वेळ, आणि पेपरमिंट तोंडातून काढून हातात धरलं.

"म्हणजे तू लैस्बेतबद्दल क्षमा मागितलीस?"